भट्टी विझवायचा दिवस

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. बाळाला घेऊन येतेस म्हटल्यावर दादाने वरची खोली रंगवायला काढली. उत्तराला उशीर झाला. नीट लिहायला जमत नव्हतं.

परवा गावाचा उपास होता. तुम्ही पोरं त्या दिवशी सुतकी तोंडं करून बसायचात. तो उपास काही देवाने सांगितला नव्हता. तुझ्या आजोबांच्या लहानपणी एका बेकरीचं धुराडं तडकलं, आतली काजळी पेटली आणि अख्खी गल्ली माणसांसकट गेली. तेव्हा नगरपालिकेने ठरवलं, वर्षातून एक दिवस गावात कुठेच जाळ नाही. चूल नाही म्हणून जेवण नाही. प्रार्थना मागाहून आल्या. आजोबा त्या दिवशी आपल्या बेकरीच्या गार भट्टीत शिरायचे, धुराडं खरवडायचे, भेगा लिंपायचे आणि काळेठिक्कर होऊन बाहेर यायचे.

पुढे उपास दुपारपर्यंत आला. मग सोयीसाठी रविवारी गेला, त्यात सामने भरू लागले. यंदा सुट्टीच रद्द झाली. परवा मी एकटीच उपाशी होते. दादा म्हणाला, "आई, गावाने सोडलं ते धरून ठेवायचा मक्ता आपणच घेतलाय का?" हॉटेलांना रोज पहाटे पाव लागतो. तू लग्न होऊन गेलीस तेव्हापासून भट्टी विझलेली नाही.

वरच्या खोलीची धुराड्याकडची भिंत आधी कोमट लागायची. आता हात ठेववत नाही. नवा रंग वाळायच्या आत फुगला. दादा म्हणतो, बरंय, भाच्याला ऊब मिळेल. मी हसले, आणि जिन्यात येऊन बसले. गवंड्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "मावशी, पेटत्या भट्टीत मी काय बघू? आधी विझवा." दादाला सांगितलं. तो म्हणाला, "उपास तू करतेस आणि ताप भिंतीला चढतो होय?" सगळे कामगार हसले.

तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला कळव, भट्टी एक दिवस विझवून गवंडी आत जाऊन येईपर्यंत तू या घरात पाऊल टाकणार नाहीस. रुसून सांग, भांडून सांग, माझं नाव पुढे करून सांग. नातवाला मी अजून पाहिलेलं नाही. तरी येऊ नकोस.

तुझीच, हट्टी
आई