पर्यायी कर्मचारी

बाई, तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली, तरी माझा राग जात नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तुम्ही हयात होतात तेव्हा भांडायची हिंमत झाली नाही, आता भांडते. तुमच्या मातीलाही मी आले नाही. आज लसीकरण आहे, असं तुमच्या मुलाला फोनवर सांगितलं. लसीकरण दुसऱ्या दिवशी होतं.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. एटापल्लीच्या पुढे जंगलातला हा आपला दवाखाना, मागच्या खोलीत तुमचा संसार. एका भांड्यात कात्र्या-चिमटे उकळताहेत, शेजारी अंबाडीची भाजी शिजते आहे. मी नुकतीच नर्सिंग पास झालेली. शिकताना चार महिने तुमच्याच हाताखाली काढलेले. हातात दोन कागद: एक चंद्रपूरच्या मोठ्या इस्पितळाचा, एक या दवाखान्याचा. सोमवारी कुठेतरी रुजू व्हायचं. माझं मन चंद्रपूरकडे, कारण तिथे चूक झाली तर सावरायला डॉक्टर असतो, आणि माझा हात तेव्हा बसलेला नव्हता. एका म्हाताऱ्याची शीर तिसऱ्यांदा चुकली तेव्हा तुम्हीच सगळ्यांदेखत ओरडला होतात, "अवं, सुई टोचून राह्यली का भिंतीत खिळा ठोकून राह्यली?" तो म्हाताराच हसला, म्हणून मी रडले नाही.

पण त्या दिवशी किती गोड बोललात! "तिथी तू कोन? वार्डातली सिस्टर. पेशंट घरी गेला का तुले इसरला. इथी पोरगी पहिल्या खेपेले येते, थे तिची पोरगी बाळंतपनाले येईपर्यंत तुलेच बाई म्हनते." मी भीत भीत विचारलं, "पन तुमी राहसान ना इथी?" भाजी ढवळत तुम्ही म्हणालात, "मी कुठी जातो वं? जेव आता." जेवण झाल्यावर मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलंत, सेकंदकाट्याचं, नाडी मोजायचं. मी तुमच्या पाया पडले.

सोमवारी मी रुजू झाले. गुरुवारी जीप आली आणि तुमची पेटी बांधून तयार! "चंद्रपूरच्या ऊर्जानगरले पोराकडं राहीन आता," एवढंच बोललात. नंतर फाइल लावताना तुमच्या बदलीचा आदेश सापडला. खाली ओळ होती: पर्यायी कर्मचारी रुजू झाल्यावरच कार्यमुक्त करावे. तारीख त्या अंबाडीच्या भाजीच्या तीन आठवडे आधीची. म्हणजे मी तुमची लेक नव्हते, शिष्याही नव्हते. मी पर्यायी कर्मचारी होते. केसानं गळा कापलात, बाई. आणि वर घड्याळ दिलंत!

दहाव्या दिवशी एक पायाळू मूल आलं. मी एकटी. घड्याळाकडे बघत, तुम्हाला शिव्या देत ते बाहेर काढलं. ती मुलगी आता बारावीला आहे आणि बाजारात दिसली की लांबूनच "बाई, बाई" करते. तुमचं बोलणं खरं निघालं, हेच जास्त झोंबतं. घड्याळ दोनदा दुरुस्त केलं, अजून तेच वापरते.

आता माझी बदली आली आहे. माझी लेक चंद्रपूरला मावशीकडे राहून सातवी शिकते. तिच्याजवळ जायला मिळणार म्हणून मी हरखले, तर आदेशाखाली तीच ओळ. परवा सिरोंचाकडची एक नवी नर्स आली, हातात दोन कागद घेऊन. त्याच खोलीत तिला चहा दिला. ती म्हणाली, "बाई, मी इथी राह्यली तर तुमी शिकवसान ना मले?" मी उठले, कपाटातून आदेश काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. "मंग मी चंद्रपूरलेच जातो, बाई," म्हणाली आणि दुपारच्या बसनं निघून गेली.

मी तुमच्यासारखी झाले नाही, याचं मला बरं वाटलं. बस वळणाआड जाईपर्यंत वाटलं. मग लेकीचा फोन आला, "आई, कधी येऊन राह्यली?" येते गं, म्हटलं. हे पत्र टाकणार तरी कुठे! त्या आदेशाच्या घडीतच ठेवते. पण तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही: पुन्हा एखादी पोरगी आली, तर तो कागद मी कपाटातून काढीनच असं नाही, बाई.