सासूबाईंच्या नावाचं पत्र

९ मार्च १९७२

ह्यांचं पत्र आलं! तीन महिन्यांनी. तेही त्यांच्या आईच्या नावानं. सासूबाईंना अक्षर येत नाही, म्हणून मी फक्त वाचणारी. बायको नव्हेच!

हे कॅनरी बेटांमधे मालबोटीवर खलाशी. एका बेटावर केळी भरायची, दुसऱ्यावर उतरवायची. ‘इकडं नुसते जळके डोंगर. एक तर अजून धुमसतो.’ मी कशी आहे, एका शब्दानं विचारलेलं नाही.

खरी गोष्ट शेवटी. दोन बेटांच्या मधे वादळ लागलं. दोरा तुटून गळ्यातलं इष्टलिंग समुद्रात गेलं. आम्हा लिंगायतांत मठाच्या स्वामींनी नवं बांधेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, म्हणून केळी आणि दुधावर आहेत. ‘आई, तू म्हणशील तसं करतो.’

तू म्हणशील तसं! मी तीन वर्षं ‘घरी या’ म्हणतेय, ते कधी ऐकू आलं नाही.

१० मार्च

सासूबाई मठात जाऊन आल्या. आल्या आल्या मला लिहायला बसवलं. ‘लिव. स्वामी म्हनले, परमुलखात हाय, भस्म लावून जेवू दे. हितं आल्यावर बांदू की. पोटभर जेव म्हनावं.’

मी लिहिलं — अन्नाला शिवू नकोस. आधी घरी ये, लिंग बांधून घे.

सासूबाईंनी खाली अंगठा उठवला. वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

११ मार्च

टपालात टाकलं.

१६ एप्रिल

उत्तर आलं. ‘आई, तुझा शब्द मोडणार नाही. जूनमधे सुट्टी मिळेल. शिडी चढताना तेवढी डोळ्यांपुढं अंधारी येते.’

अंधारीचं वाचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘जेवतंय न्हवं पोरगं?’ म्हटलं, व्हय.

जूनमधे येणार! जेवा म्हणून आता लिहायला हवं. पण लिहिलं तर येतील का? आईनं सांगितलं म्हणून तर येताहेत! उद्या बघू.

२४ एप्रिल

लिहिलं नाही. हिरवं इरकल लुगडं धुऊन ठेवलं.

३ मे

तार. चक्कर येऊन बोटीवरून पडले. देह सापडला नाही.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. सासूबाई विचारतात, ‘मातीत बसवलं का गं माज्या लेकराला? का तसंच पान्यात?’

तार डोळ्यांपुढं धरली आणि वाचलं — एका बेटावर. मातीत. नीट बसवून.