आलत्याच्या बारा बाटल्या आणि एक फुगलेली नळी

बागबाजार, कोलकाता, रविवार

ती. अशोककाकांना,

विनीताचा नमस्कार. वाकून करायचा तो समोर आल्यावर करीन, तोवर हा कागदावरचा चालवून घ्यावा. तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर ‘ठणठणीत’ असंच येणार हे ठाऊक आहे. मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा सापडला नाही, पोटातली मोठी धमनी मात्र फुगलेली सापडली. तो रिपोर्ट तुम्ही पंचांगाखाली सारून ठेवलात आणि ‘पुन्हा एक अक्षर काढलंस तर फोन ठेवीन’ अशी मला ताकीद दिलीत. दोनदा ठेवलातही. तेव्हा त्या रिपोर्टाबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही. फोन मधेच ठेवता येतो, पत्र तसं ठेवता येत नाही (निर्मलाकाकू मोठ्याने वाचून दाखवत असेल तर मुळीच नाही), म्हणून कागद घेतला.

हे पत्र माझ्या लग्नाबद्दल आहे. म्हणजे ते ठरलेलं नाही, याबद्दल. ‘मुलगा काय करतो?’ हा तुमचा निरोप मला इथल्या मराठी मंडळाच्या तीन बायकांकडून, तीन वेगवेगळ्या आवाजांत पोचला. झालं ते असं. आम्ही प्रयोगशाळेत कृत्रिम रक्तवाहिनी बनवतो. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे एका फिरत्या सळईवर गुंडाळायचे, सळई काढून घ्यायची, की मऊ पांढरी नळी उरते. (दिसायला ती उकडलेल्या शेवेसारखी दिसते, हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.) पुढे तिच्यात माणसाच्या पेशी रुजवायच्या, पण त्याआधी कोरी नळी पंपाला जोडून मिनिटाला बहात्तर ठोक्यांनी तिच्यातून पाणी खेळवायचं आणि ती किती दिवस टिकते ते पाहायचं. साध्या पाण्याची गळती दिसत नाही, म्हणून पाण्याला रंग हवा. आमचा रंग संपला होता आणि नवा यायला सहा आठवडे लागणार होते. तेव्हा मला आलता सुचला, इथल्या नवऱ्या आणि सवाष्णी पायाला लावतात तो लाल रंग. पायाला लावायला चालतो तर पंपाला का नाही?

ऋषभ (माझ्याबरोबर काम करतो, पंपाचं सगळं तोच बघतो) आणि मी इथल्याच दुकानात गेलो आणि आलत्याच्या बारा बाटल्या मागितल्या. दुकानदाराने चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग पिशवी धरून उभ्या असलेल्या ऋषभकडे पाहिलं आणि विचारलं, कधी आहे? मी म्हटलं, गुरुवारी. प्रयोग गुरुवारीच होता. मी खोटं बोलले नाही. त्याने आशीर्वाद दिला आणि वर सिंदूराची एक डबी भेट दिली. ऋषभने नको म्हणायला तोंड उघडलं आणि डबी खिशात टाकली. घरी मंदाकिनीबाईंनी पिशवी पाहिली. (माझ्या घरमालकीणबाई. तीन पिढ्या कोलकात्यात, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, आणि मराठी इतकं शुद्ध की त्यांच्यासमोर मी ‘टाइम’ म्हणायला घाबरते.) त्यांनी ती पिशवी सरळ करून ठेवली आणि मंडळात भजनाला गेल्या. पुढचं तिकडे तुमच्या बजबजपर्यंत कसं पोचलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता नळीचं सांगते, कारण खरी शरमेची गोष्ट तीच आहे. तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना तुमच्या तागाच्या मिलच्या बॉयलरपाशी तुम्ही मला विचारलं होतं की, वाफ एकच, दाब एकच, मग नळीचा पत्रा पातळ आणि ड्रमचा एवढा जाड का? मी म्हटलं, ड्रम महाग असतो म्हणून. तुम्ही हसून सांगितलंत की जितका घेर मोठा, तितकी त्याच दाबाने भिंतीला ओढ जास्त. म्हणून फुगलेली जागा आणखी फुगत जाते आणि तिथला पत्रा पातळ होत जातो. पुढे वर्गात हेच सूत्र फळ्यावर आलं, एका फ्रेंच गृहस्थाच्या नावाने, तेव्हा मी हात वर करून म्हटलं की हे आमच्या काकांचं आहे. वर्ग हसला. मी आजही तसंच मानते. रक्तवाहिनीचंही तेच आहे. पोलाद नाही, कातडं आहे, एवढाच फरक.

तर गुरुवारी नळी सरळ होती. शुक्रवारी तिला वाटाण्याएवढा फुगवटा आला. शनिवारी तो बोराएवढा झाला. ऋषभ म्हणाला, ‘‘बंद करू या?’’ आणि काका, मी, तुमची पुतणी, म्हणाले, ‘‘गळत तर नाहीये. चालू दे.’’

सोमवारी सर दुर्गापूजेनंतरच्या बिजयेच्या शुभेच्छा द्यायला आले. अंगात पांढरा शुभ्र झब्बा, हातात संदेश मिठाईचा उघडा डबा. ‘काय म्हणते तुमची नळी?’ असं विचारत ते वाकले, आणि नळीने स्वतःच उत्तर दिलं. आधी काही गळलं नाही, सुळकन आवाज नाही, काही नाही. एका ठोक्याला होती, पुढच्याला फाटली. सर, संदेश, छत आणि भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सवाष्ण झालं. सरांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला: किती दाबाला फुटली? ते कोणालाच सांगता येईना, कारण वहीही लाल झाली होती. ते रागावले नाहीत. स्वच्छ उरलेला एक संदेश शोधून त्यांनी मला दिला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मला त्या वेळी मिलचे मॅनेजर आठवले. मी चौथीत होते. बॉयलरच्या एका नळीला तुम्हाला फुगवटा दिसला आणि तुम्ही अख्खी मिल थंड केलीत. मॅनेजर म्हणाले, ‘‘अशोकबाबू, गळत नाही ना? आवाज नाही ना? मग बंद कशाला?’’ आणि तुम्ही म्हणालात, ‘‘साहेब, गळेल तेव्हा तुम्हाला सांगायला मी नसेन.’’ घरी येऊन तुम्ही काकूला सांगितलंत की शिकलेली माणसं अशी कशी बोलतात. मी आता घरातली पहिली शिकलेली, आणि तशीच बोलले. त्याची माफी मागायला हे पत्र. माझ्या पदवीची चौकट तुम्ही तुमच्या बॉयलर सर्टिफिकेटशेजारी लावली आहे. वाटल्यास महिनाभर उतरवून ठेवा.

काकूला नमस्कार.

तुमची,
विनीता

ता. क. बॉयलरच्या त्या नळीचा कापलेला फुगीर तुकडा तुम्ही मागच्या दाराला अडसर म्हणून ठेवला आहे. बुधवारी मला सगळ्यांसमोर माझी चूक मांडायची आहे, तेव्हा तो हवा आहे. तुम्ही स्वतः घेऊन यावा. उचलावा मात्र काकूने.

ता. क. २. जिथे मी बोलणार त्याच इमारतीत वर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. साडेअकराची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे. मी अक्षर न लिहिण्याचं कबूल केलं होतं, ५.८ सेंटिमीटर हा आकडा आहे. ‘पुतणीच्या प्रयोगाला माझं पोट देणार नाही’ असं तुम्ही काकूला म्हणालात ते कळलं. माझी नळी कोणाच्याही पोटात जायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत, आणि सोमवारचं पाहता वीस. त्या लावतात ती विणलेली कापडी नळी, पुष्कळ वर्षं वापरलेली. तागाची नव्हे.

ता. क. ३. सियालदह स्टेशनवर तुम्हाला घ्यायला ऋषभ येईल. लग्न ठरलेलं नाही हे खरं आहे. सिंदूराची डबी त्याने अजून परत केलेली नाही, हेही खरं आहे. मुलगा काय करतो ते त्यालाच विचारा, पण साडेअकरानंतर. आधी तुमची तपासणी, मग त्याची.

ता. क. ४. इन्स्पेक्टर यायचा त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बॉयलर थंड करून, झाकणं उघडून ठेवायचात. डॉक्टरीणबाईंनीही उपाशीपोटी यायला सांगितलं आहे. तेव्हा मंगळवारच्या जेवणानंतर आत कोळसा घालू नये. विडीही कोळशातच धरली आहे.