नारायण पेठेचं वजन

२ मार्च, रविवार
पुण्यातली नारायण पेठ सोडून शहराच्या टोकाला धायरीत राहायला आलो, त्याला आठ महिने झाले. चार दिवस नळ कोरडा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं, पाण्याचं माझ्यावर सोडा, नारायण पेठेतला माणूस म्हटलं की ऑफिसात खुर्ची पुढे येते. सगळे गप्प झाले. आदरानं. बायको, कुसुम, म्हणते, कंटाळ्यानं.

३ मार्च, सोमवार
पाण्याच्या ऑफिसात गेलो. खुर्ची नव्हती. क्लार्कनं विचारलं, कुठले? म्हटलं, मूळचे नारायण पेठेतले. म्हणाला, तिथं पाणी येतंय, पुढचे या.
बाहेरगावचा असणार.

५ मार्च, बुधवार. सकाळी ६.३०
अर्ध्या बादलीत अंघोळ. खाली संपतराव भेटले. सोसायटी यांच्याच शेतावर उभी आहे. म्हणाले, काका, आमचं गावच्या लोकांचं कोण ऐकतंय? मान तुम्हा पेठवाल्यांना हाय. समजूतदार माणूस. आज पुन्हा ऑफिसात जाणार होतो. गुडघा दुखतोय.

७ मार्च, शुक्रवार
पाणी आलं. संपतरावांनी काल एक फोन केला म्हणे. जिन्यात लोक त्यांचे आभार मानत होते. मी शेजारीच उभा होतो. घाईत लक्ष गेलं नसेल.
खरं तर माझ्या सोमवारच्या भेटीनंच ऑफिस हललं. कुसुमला हे नीट समजावलं. तिनं पिंप भरायला लावलं.

९ मार्च, रविवार
मन रमेना म्हणून पेठेत गेलो, जुने शेजारी बद्रीनाथ पारखी यांच्याकडे. अर्धा कप चहा. म्हणाले, या धायरीकर, तुमच्याकडे गाड्या कशाही लावतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या धायरीला नावं ठेवू नका, आमच्याकडे एका फोनवर पाणी येतं. आवाज जरा चढला असावा. बद्रीनाथ शांतपणे म्हणाले, तिकडची माणसं तापट असतात, असं ऐकून होतो.
परतीच्या बसमध्ये ठरवलं. पेठेचं नाव काढायचं नाही. धायरी नागरिक मंडळ काढायचं. अध्यक्ष मी.

१० मार्च, सोमवार
मंडळ आहे. बारा वर्षांपासून. अध्यक्ष संपतराव. त्यांनी मला बसवलं, फॉर्म काढला, मग नियम वाचून ओशाळले. सभासदाला धायरीत पाच वर्षं पूर्ण हवीत. म्हणाले, तुम्ही पाहुणे, काका, कार्यक्रमाला तुम्हाला पहिली रांग.
कुसुमनं विचारलं, काय झालं? म्हटलं, पहिली रांग मिळाली.
पाहुण्यांची का, असं तिनं विचारलं. मी पेपर उघडला.