मीटरशिवाय उघडलेलं झाकण

नाही काका, माझं डोकं फिरलेलं नाही. विषारी गॅस मोजायचा मीटर लावल्याशिवाय मी कुणाला पंपाच्या विहिरीचं झाकण उघडू देत नाही, एवढंच. पोरं मागून ‘मीटरकाकू’ म्हणतात, म्हणू देत. तुम्ही असता तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता. “बाई, देवानं नाक कशाला दिलंय?”

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आपला सांडपाण्याचा प्लँट नदीकाठी तिथंच आहे आणि मी अजून विश्रांतवाडीहून बसनं येते. शनिवार पेठेतलं आंघोळीचं पाणी आणि येरवड्यातलं धुण्याचं, दोन्ही येऊन एकाच जाळीवर आदळतं. जाळीत चिंध्या, शाम्पूच्या पुड्या, आणि एकदा तर अख्खी कवळी आली होती. तुम्ही ती कठड्यावर ठेवून म्हणालात, “पेठेतलीच असणार. अजून तोंड वाकडं आहे.”

आमचे हे गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, “गावची सातवी पास ना? चालेल. इथं पुस्तक नाही लागत, नाक लागतं. नाक नसलेल्या माणसाला मी ठेवून घेत नाही.” घरी दोन लेकरं होती. मी मान डोलावली. मग तुम्ही मला मोठ्या टाकीपाशी नेलंत, खालून हवा सुटतेय, तपकिरी पाणी नुसतं उसळतंय. “यातले जिवाणू घाण खातात. आपण त्यांना हवा पुरवायची, बाकी काही नाही.” पुढच्या शांत टाकीत गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी औषध घालून नदीत सोडतात, आणि थोडा गाळ परत पहिल्या टाकीत. मी पटकन म्हटलं, “म्हणजे विरजण लावतो तसं!” तुम्ही थांबलात. “हेच साहेबांना समजवायला मला फळा लागतो,” म्हणालात, आणि त्या दिवसापासून मला मनापासून शिकवायला लागलात. काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून आपण अर्धा तास बघत बसायचो, गाळ नीट बसतोय का ते. “गाळ बसला काका, तुमचं पोट कधी बसायचं?” असं मी विचारलं की डब्यातली सगळ्यात तिखट मिरची माझ्या भाकरीवर यायची.

आणि मग तो दिवस. पंपात चिंधी अडकलेली, तुम्हाला सर्दी, नाक चोंदलेलं. मीटर ऑफिसात, आणि तिथवर जायचा तुम्हाला कंटाळा. विहिरीचं झाकण उघडून म्हणालात, “बाई, वाकून बघ. सडक्या अंड्याचा वास येतोय का? आला तर गॅस आहे समज.” मी वाकले. म्हटलं, “नाही.” तुम्ही शिडीच्या तीन पायऱ्या उतरलात आणि तुमची मान कलंडली. कॉलर कशी धरली, किती ओरडले, काही आठवत नाही. दोघं धावत आले, तुम्हाला वर ओढलं. गवतावर डोळे उघडून तुम्ही पहिलं काय बोललात? “गॅस मागाहून सुटला असणार. बाईचं नाक खोटं बोलायचं नाही.”

पुढं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलात, बाईनं जीव वाचवला. साहेबांपुढं उभं करून मला कायम करून घेतलंत. काकूंनी साडी दिली. मी ती घेतली, नेसलेसुद्धा.

तुम्ही रिटायर होऊन, म्हातारे होऊन, घरी खाटेवर गेलात हे माझं नशीब. भेटायला यायचे तेव्हा दर वेळी सांगायचं ठरवायचे आणि तुमच्या टोपीची टिंगल करून परत जायचे. हे पत्र तरी कुठं टाकणार, राहील पेटीत.

काका, मला वास येत नाही. लहानपणी तापात गेला तो गेलाच. टाकी बिघडली की नाही ते मी तुमच्या तोंडाकडं बघून सांगायचे. त्या दिवशी तुमच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं, तरी मी “नाही” म्हटलं. नोकरी जाईल म्हणून.