शिनोलीच्या लग्नात मी गप्प बसलो

ती. हौशीराम दाजींना,

घोडेगावहून सावळेरामाचा साष्टांग दंडवत. आपला गुडघा आता पायरी चढू देतो ना? ताईने पाठवलेल्या कुरडया पोचल्या, संपल्याही (पावती म्हणून एवढे पुरे). आता बातमी, जी सांगायला हात नुसते शिवशिवताहेत: मी मेंटर झालो!

हा कोणता आजार, असे आपण विचाराल. आमच्या शेजारची स्नेहल पुण्याच्या एका वर्गात पौरोहित्य शिकली. तिथला नियम असा, की पहिले लग्न लावेपर्यंत प्रत्येकीने एक अनुभवी पुरोहित पाठीशी घ्यावा. तिने मला धरले. त्याला म्हणायचे मेंटर. मला वाटले, म्हणजे गुरूच. छे! गुरूला बोलण्याचा अधिकार असतो, मेंटरला ऐकण्याची शिक्षा. प्रश्न आला की उत्तर द्यायचे नाही, उलट विचारायचे, ‘तुला काय वाटतं?’ (आम्हाला काय वाटते याची पाठशाळेत गुरुजींना कधी धास्ती वाटली नव्हती.)

पहिले लग्न शिनोलीच्या गेणभाऊंच्या मुलीचे. ते फसले तर पंचक्रोशीत बाईला अक्षता टाकायला बोलावतील, लग्न लावायला नाही, हे स्नेहलला पक्के ठाऊक होते. आदल्या दिवशी तिने विचारले, मुहूर्त आला तरी पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद थांबले नाहीत तर काय करायचे? मी नियमाप्रमाणे उलटा प्रश्न टाकला. ती तडकली, ‘काका, तुमच्याकडं उत्तर नाय म्हणून मलाच विचारताय ना?’ (नव्हतेच. इतकी वर्षे मी मुहूर्त आणि माईक यांच्यामध्ये हात जोडून उभा राहत आलो.) मग तीच बोलत गेली, मी हुंकार देत गेलो, आणि दिवेलागणीला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडले. काय ते मला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी झाले तसेच. नवरा-नवरी पाटावर, घटिका भरत आलेली, आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पुढारी माईकवर आळीपाळीने रस्ते मंजूर करताहेत. गेणभाऊ माझ्या कानाशी, ‘गुरुजी, उठा राव! पोरीच्यानं नाय व्हायचं.’ दाजी, मी अर्धा उठलो. स्नेहलने नुसते पाहिले. मी पूर्ण बसलो. मग ती गोड आवाजात म्हणाली, ‘आज अंतरपाट धरायचा मान आपल्या या दोन्ही भाऊंचा!’ मानाला नाही कोण म्हणतो? दोघे लगबगीने आले, एकेक टोक दोन्ही हातांनी धरले, आणि माईकसाठी पुढाऱ्याला तिसरा हात नसतो! तिने तत्क्षणी मंगलाष्टके उचलली ती थेट शेवटच्या ‘सावधान’पर्यंत. मुहूर्त साधला! गेणभाऊ घाम पुसत तिलाच म्हणाले, ‘ताई, धाकटीचं बी तुमीच लावा.’

मी उत्तर दिले असते, तर पोर माझ्यासारखीच हात जोडून उभी राहिली असती. मौनाची थोरवी सांगणारी सुभाषिते मला डझनाने पाठ आहेत. त्यांचा अर्थ कळायला शिनोलीपर्यंत जावे लागले. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला मेव्हणा,
सावळेराम

ता. क. आपल्या आरतीचे लग्न मी लावायचे ठरले आहे. ते स्नेहलला लावू द्यावे. भाचीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ती जागा मला हवी आहे.

पुन्हा ता. क. आरतीने स्नेहलला केव्हाच सांगून ठेवले आहे. ताईलाही ठाऊक आहे. कळायचे आपल्यालाच तेवढे राहिले होते. हे वाचून मान वर कराल तेव्हा ताई समोरच उभी असेल. हो म्हणून टाकावे.