आप्पा बसले की गाडी किंचाळते

१० नोव्हेंबर

पुन्हा किंचाळली! सकाळी आप्पा नातीला, माझ्या गौतमीला, शाळेत सोडायला निघाले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत नुसतं चीं-चीं. समोरच्या बाई दारात आल्या. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी तीच गाडी बाजारात नेली – हूं नाही की चूं नाही.

आमच्या पतिदेवांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून निकाल दिला – उंदीर. बॉनेटमध्ये उंदीर शिरलाय म्हणे. एवढं बोलून सम्राटराव झोपले. वाटेत चालू-बंद होणारा उंदीर!

१२ नोव्हेंबर

स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याने पट्ट्यावर पाणी मारलं, कान लावला, ज्योतिषासारखे डोळे मिटले. "ताई, बेल्ट हाय." बेल्ट बदलला.

१३ नोव्हेंबर

बेल्ट नव्हता.

१६ नोव्हेंबर

आज सुट्टी. म्हटलं, या घरात डोकं एकटीलाच दिलंय देवाने, तर वापरू. कंपनीत मी क्वालिटीला आहे, दिवसभर लोकांचे पार्ट नापास करते. एक गाडी काय अवघड आहे?

नाक्यापर्यंत नेली, आणली. थंड, गरम. गिअरमध्ये, न्यूट्रलला. क्लच पूर्ण दाबला – गप्प. पूर्ण सोडला – गप्प. मग पाय नुसता पेडलवर टेकवून ठेवला, दाबला नाही, आणि – चीं!

घोडं पेंड खातंय ते इथे. कुणीतरी गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसतं, त्याने आतलं बेरिंग घासत आलंय. कोण ते सांगायला नको. तीस वर्षं रांजणगावला कंपनीची बस चालवलेले आमचे सासरे! नव्या ड्रायव्हरांना आईमाईवरून शिव्या घालायचे म्हणे – क्लचवर पाय ठेवून झोपू नका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

वर अनवाणी चालवतात. चपला सीटखाली. का? "चपलीतनं गाडी कळत न्हाई. तळव्याला कळती." हे वाक्य लग्न झाल्यापासून ऐकतेय. पेडलचं रबर कधीच गळून पडलंय, नुसती पत्र्याची कड उरलीय, तेही तळव्याला कळलं नाही वाटतं. आणि त्या कडेवर तांबडे डाग. पान! गाडीत थुंकतो की काय हा माणूस? त्याच गाडीत माझी लेक बसते.

१७ नोव्हेंबर

सकाळी मुद्दाम शेजारी बसले. वळण संपलं, रस्ता मोकळा, तरी चीं-चीं चालूच. म्हटलं, "आप्पा, क्लचवरचा पाय उचला."

"उचललाय की."

खाली वाकून बघितलं. पाय तिथेच. धडधडीत खोटं, तेही नातीसमोर. घरी येऊन त्यांनी गुळाचा चहा मागितला. डॉक्टरने गोड बंद केलंय, तर म्हणे, "गुळाला शुगर नसती." यांच्याशी कोण डोकं फोडणार?

१९ नोव्हेंबर

सम्राटला सांगितलं – किल्ली काढून घ्यायची. पोर यांच्या हाती देणार नाही मी. ज्याला आपला पाय सांभाळता येत नाही तो पोर काय सांभाळणार?

सम्राट म्हणाला, "शाळेची फेरी आन् राहू गावाला आत्याकडं जाणं. एवढंच तर हाय त्यांना. त्ये पण काढून घेतलंस तर काय करत्याल दिवसभर?" हे बोलताना डोळे मोबाईलमध्ये. बापाची एवढी काळजी आहे तर बापाला बोल ना. तेवढी छाती नाही.

२३ नोव्हेंबर

झाला निकाल.

आप्पांना शिरूरचे मेकॅनिक पसंत नाहीत. दौंडचे मेहमूदभाई म्हणजे अखेरचा शब्द, बसच्या काळातले दोस्त. म्हटलं, चला दौंडला. वाटेत न्हावरं सोडल्यापासून गाडी रडतेय, आणि चालवता चालवता हे निवांत उसाच्या ट्रॉल्यांना नावं ठेवतायत.

मेहमूदभाईंनी एक चक्कर मारली. गाडी गप्प. आप्पांना म्हणाले, "आवाज तर न्हाई, म्हाळूभाऊ." मी म्हटलं, आता यांना चालवू द्या, तुम्ही फक्त यांच्या पायाकडे बघा. आप्पा बसले. गॅरेजच्या बाहेर पडेपर्यंत सुरू झालं.

"पाय उचला, आप्पा."

"उचललाय की गं."

मेहमूदभाई मागून पुढे वाकले. हळूच म्हणाले, "पाय पेडलवरच हाय, भाऊ."

आप्पांनी खाली बघितलं. गाडी कडेला घेतली. पायाकडे बघत बसले – बराच वेळ. काय तो अभिनय! मग दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलून बाजूला ठेवला. आवाज बंद.

मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली. मेहमूदभाईंना चहासुद्धा सुचला नाही. बेरिंग बदलायला पुढच्या आठवड्यात गाडी ठेवायची ठरलं.

येताना मी चालवली. गाडी सुतासारखी सरळ. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी उतरल्यावर बघते तर आप्पांच्या डाव्या पायात चप्पलच नाही. दौंडला गॅरेजमध्ये राहिली. रस्त्यावरच्या खडीतून तसेच चालत आले आत. वेंधळेपणाचा कळस!

२४ नोव्हेंबर

सकाळी गाडी पुसायला घेतली. पेडलवरचा डाग ओल्या फडक्यावर रक्तासारखा उतरला. पानाचा नव्हता.

आप्पा टीव्हीसमोर बसले होते. पाय दाखवा म्हटलं. नको-नको म्हणाले, मग पुढे केला. तळव्याला बोटभर लांब चीर. आत माती, खडीचा कण. किती दिवसांची कोण जाणे.

मी चिरेच्या कडेला बोट लावलं. जरा दाबलं. विचारलं, दुखतंय का?

टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "लाव की बोट. कवा लावणार?"